संरक्षण कंत्राटांतील जोखीम कुणाच्या खांद्यावर?

ठाकुर्ली, प्रतिनिधी

रेल्वेचे जुने वीजगृह आणि बावन्न चाळ यांमुळे ओळखले जाणारे ठाकुर्ली हे तसे मध्य रेल्वेवरील एक लहान स्थानक. येथे तोफा बनत नाहीत की पाणबुड्या. तरीही देशाच्या संरक्षण उत्पादनाची एक महत्त्वाची साखळी या स्थानकाच्या दोन्ही बाजूंना पसरली आहे. कर्जतच्या दिशेने चौथे स्थानक अंबरनाथचे. तेथे आयुध निर्माणी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा अशा तीन संस्था आहेत. मुंबईच्या दिशेने गेल्यास कुर्ल्याला गाडी बदलून डॉकयार्ड रोडला उतरायचे. तेथे माझगाव गोदी. आणि या पट्ट्यात डोंबिवली, अंबरनाथ, ठाण्याची वागळे इस्टेट येथील औद्योगिक वसाहती, जेथे लेथ व मिलिंग यंत्रांवर सुटे भाग तयार करणारे लहान कारखाने आहेत.

संरक्षण उत्पादनाच्या मोठ्या घोषणा होतात, हजारो कोटींचे आकडे प्रसिद्ध होतात. प्रत्यक्षात मात्र यांतील अनेक प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळतात. असे का होते, कंत्राटे कशी ठरतात आणि विलंबाची किंमत अखेर कोण मोजतो, याचा हा आढावा. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : संरक्षण कंत्राट हा वरवर किमतीचा करार दिसत असला तरी तो खरे तर जोखमीच्या वाटपाचा करार असतो, आणि ही जोखीम वरून खाली सरकत अनेकदा ती पेलण्याची ताकद सर्वांत कमी असलेल्याच्या पदरी पडते.

एकच गिऱ्हाईक

पाण्याच्या पंपाचा सुटा भाग एका कंपनीने नाकारला तर तो दुसरीला विकता येतो. तोफेच्या किंवा पाणबुडीच्या भागाचे तसे नाही. देशात त्याचे अंतिम गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. निर्यात करायची तरी सरकारचीच परवानगी लागते. भाग कसा असावा, त्याची तपासणी कोणी करावी, किती नग लागतील आणि पैसे केव्हा मिळतील, हे सारे एकच पक्ष ठरवतो. दुसऱ्या बाजूला, मोठ्या शस्त्रप्रणाली बनवू शकणारे उत्पादकही मोजकेच असतात. त्यामुळे नेहमीच्या बाजारातील मागणी-पुरवठ्याचे नियम येथे लागू पडत नाहीत आणि त्यांची जागा कागदोपत्री कार्यपद्धतीला घ्यावी लागते.

ही कार्यपद्धती दोन भागांत विभागलेली आहे. जहाजे, विमाने, तोफा यांची खरेदी भांडवली खर्चातून होते. तिच्यासाठी २००२ पासून संरक्षण खरेदी कार्यपद्धती लागू झाली आणि २०२० मध्ये तिची जागा संरक्षण संपादन कार्यपद्धतीने घेतली. सुटे भाग, दुरुस्ती, दारूगोळा अशी नित्याची खरेदी महसुली खर्चातून होते आणि तिचे नियम संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेत असतात.

भांडवली खरेदीचा प्रवास लांबलचक असतो. प्रथम सैन्यदल आपली गरज व गुणात्मक निकष मांडते. मग 'आवश्यकतेची मान्यता' मिळते. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी, प्रत्यक्ष मैदानी चाचण्या, किमतीच्या वाटाघाटी आणि शेवटी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी. मोठ्या रकमेच्या खरेदीसाठी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपर्यंत प्रस्ताव जातो. या प्रत्येक पायरीला कारण आहे. १९८६ मध्ये झालेला बोफोर्स तोफांचा सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार आणि त्यानंतर उठलेले वादळ यांची छाया या सगळ्या व्यवस्थेवर आजही आहे. निर्णय चुकला तर चौकशी होते; निर्णय लांबला तर सहसा कोणालाच जाब विचारला जात नाही. साहजिकच फाईल थांबवणे हे सुरक्षित ठरते.

पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने आखलेल्या 'एटॅग्स' या १५५ मिलिमीटर तोफेचे उदाहरण घेता येईल. प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. भारत फोर्ज आणि टाटा समूह हे भागीदार होते. ३०७ तोफा व त्या ओढणाऱ्या वाहनांसाठी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार मार्च २०२५ मध्ये झाले. बारा वर्षे यंत्रसामग्री, अभियंते आणि चाचण्यांचा भार वाहणे मोठ्या उद्योगसमूहाला शक्य होते. या कंत्राटाची एक चांगली बाजूही नोंदवायला हवी. सर्वांत कमी देकार देणाऱ्या भारत फोर्जला ६० टक्के आणि दुसऱ्या क्रमांकाच्या टाटा समूहाला ४० टक्के काम देण्यात आले. सगळे काम एकालाच दिले असते तर हरलेल्या उत्पादकाची बारा वर्षांची तयारी वाया गेली असती आणि पुढच्या खेपेला स्पर्धाच उरली नसती.

किंमत ठरवण्याच्या दोन रीती

कंत्राटाची किंमत ढोबळमानाने दोन प्रकारे ठरते. पहिली निश्चित किंमत. ठरलेल्या रकमेत माल द्यायचा. खर्च वाढला तर तो उत्पादकाचा तोटा. दुसरी खर्चाधारित किंमत. झालेला खर्च आणि त्यावर ठरावीक नफा सरकार देते; खर्च वाढला तर तो सरकारचा तोटा. पहिल्या रीतीत उत्पादक जोखीम उचलतो, दुसऱ्या रीतीत करदाता.

ज्या वस्तूचे उत्पादन स्थिरावले आहे, तिच्यासाठी निश्चित किंमत योग्य ठरते. जी वस्तू अजून कागदावर आहे, तिच्यासाठी निश्चित किंमत म्हणजे अंधारात मारलेली उडी. याचा अनुभव जगाने घेतला आहे. युरोपातील देशांनी २००३ मध्ये ए-४००एम या मालवाहू विमानाचे कंत्राट निश्चित किमतीवर दिले. विमान तयार व्हायला उशीर झाला, खर्च हाताबाहेर गेला आणि २०१० मध्ये त्या देशांनाच साडेतीन अब्ज युरोंची मदत देऊन प्रकल्प वाचवावा लागला. अमेरिकेत बोइंगने २०११ मध्ये हवेत इंधन भरणाऱ्या केसी-४६ विमानाचे कंत्राट निश्चित किमतीवर घेतले आणि त्यात सात अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला. बोइंगसारखी कंपनी असा तोटा सोसू शकते. अंबरनाथचा दहा कामगारांचा कारखाना सोसू शकत नाही, आणि तरीही त्याला मिळणारी ऑर्डर बहुतेक वेळा निश्चित किमतीचीच असते.

माझगावचा धडा

कंत्राटातील सातत्य तुटले की काय होते, हे माझगाव गोदीने दोनदा अनुभवले आहे. डिसेंबर १९८१ मध्ये जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. पहिल्या दोन जर्मनीत आणि पुढच्या दोन मुंबईत बांधायच्या होत्या. त्यानुसार 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. मात्र दरम्यान या व्यवहारात दलाली दिल्याचे आरोप झाले आणि आणखी पाणबुड्या बांधण्याचा बेत मागे पडला. पाणबुडीच्या दाब सहन करणाऱ्या कवचाचे वेल्डिंग ही वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारी कला आहे. जर्मनीत प्रशिक्षण घेऊन आलेल्या कारागिरांच्या हाताला पाणबुडी बांधणीचे पुढचे काम मिळाले नाही. कोणी निवृत्त झाले, कोणी दुसऱ्या कामाला लागले. कंत्राट थांबवता येते. हातातले कसब मात्र थांबवून ठेवता येत नाही.

त्यानंतर ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रान्सच्या सहकार्याने सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार झाला. मूळ खर्च १८,७९८ कोटी रुपये होता. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळायची होती. प्रत्यक्षात 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. म्हणजे मुंबईत बांधलेल्या दोन पाणबुड्यांमध्ये २३ वर्षांचे अंतर पडले. विलंबाची कारणे बोलकी आहेत. तंत्रज्ञान आत्मसात करताना सुरुवातीच्या अडचणी आल्या. पाणबुडीत लागणाऱ्या साहित्याची एक मोठी यादी माझगाव गोदीने स्वतः खरेदी करायची होती; ती खरेदी लांबली. २०१० मध्ये प्रकल्पाचा खर्च वाढवून २३,५६२ कोटी रुपये करण्यात आला.

पाणबुड्यांसाठी घ्यायच्या पाणतीरांची कथा तर आणखी वेगळी. ९८ 'ब्लॅक शार्क' पाणतीरांसाठी इटालियन कंपनीची निवड झाली होती. त्याच उद्योगसमूहातील दुसऱ्या कंपनीचे नाव अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठीच्या हेलिकॉप्टर प्रकरणात आल्याने ही खरेदी २०१६ मध्ये रद्द झाली. नव्या पाणबुड्यांना जुन्या पद्धतीच्या पाणतीरांवर भागवावे लागले. दोषी कंपनीला दूर ठेवणे योग्यच. परंतु पर्यायी पुरवठादार तयार नसेल तर शिक्षा कंपनीइतकीच आपल्या नौदलालाही होते.

सहावी पाणबुडी 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. त्या दिवशीदेखील माझगाव गोदीच्या हाती पुढच्या पाणबुडीचे कंत्राट नव्हते.

अंबरनाथचा शोध, माझगावची वेळ

डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटऱ्या भारित करण्यासाठी ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि तेव्हाच ती शत्रूच्या नजरेस पडण्याचा धोका असतो. हवेवर अवलंबून नसलेली प्रेरणाप्रणाली, म्हणजेच 'एआयपी', बसवली की पाणबुडी अधिक काळ पाण्याखाली राहू शकते. अशी इंधनघटावर चालणारी प्रणाली अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली. लार्सन अँड टुब्रो व पुण्याची थरमॅक्स या कंपन्या त्यात सहभागी होत्या. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरील नमुन्याची यशस्वी चाचणी झाली.

ही प्रणाली स्कॉर्पिन मालिकेतील अखेरच्या दोन पाणबुड्यांत बांधणीच्या वेळीच बसवावी, असा विचार होता. परंतु संशोधनाचे वेळापत्रक आणि बांधणीचे वेळापत्रक जुळले नाही. बांधणी थांबवली असती तर खर्च वाढला असता. न थांबवल्यामुळे पाणबुड्या प्रणालीशिवाय बाहेर पडल्या. अखेर ३० डिसेंबर २०२४ रोजी एआयपीचा भाग बांधून तो पाणबुडीत बसवण्यासाठी माझगाव गोदीशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार झाला. पाणबुडीच्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी तिचे कवच कापून हा भाग मध्ये जोडायचा आहे. यात दोष कोणा एका संस्थेचा नाही. प्रयोगशाळा, गोदी आणि नौदल यांचे करार वेगवेगळे असतात आणि एकाच्या विलंबाचा परिणाम दुसऱ्यावर काय होईल, याची जबाबदारी कोणत्याच एका करारात स्पष्ट नसते, हा खरा प्रश्न आहे.

ओझरची प्रतीक्षा

नाशिकजवळील ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याचा अनुभव याच जातीचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए विमानांचे कंत्राट झाले. इंजिने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून यायची होती. ९९ इंजिनांची मागणी ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदवली गेली. पूर्वीची मागणी संपल्यानंतर त्या कंपनीने या इंजिनाचे उत्पादन बंद केले होते. ते नव्याने सुरू करण्यात वेळ गेला आणि पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. विमाने मात्र २०२४ पासून हवाई दलाला द्यायची होती. ओझर येथे बांधलेल्या पहिल्या तेजसने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. ऑर्डर खंडित झाली की उत्पादनसाखळी विस्कळीत होते, हा माझगावचा धडा अमेरिकेतील कंपनीच्या बाबतीतही खरा ठरला.

साखळीचा शेवटचा दुवा

मोठ्या कंपनीचा विलंब वृत्तपत्रांत येतो. तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योजकाचा विलंब फक्त त्याच्या बँकेला दिसतो. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, एका कारखान्याला ५०० सुट्या भागांची ऑर्डर मिळाली. प्रत्येक नग १,२०० रुपये, एकूण सहा लाख. नफा १० टक्के धरला तर ६० हजार. विशिष्ट दर्जाच्या धातूसाठी तीन लाख रुपये आगाऊ गुंतवले. पाच टक्के सुरक्षा ठेव म्हणून ३० हजार अडकले. पहिला नमुना मंजूर होण्यास वेळ लागला, मध्येच ड्रॉइंगमध्ये बदल झाला, पुढे तपासणी अधिकाऱ्याची तारीख मिळेना. पैसे हाती येईपर्यंत दहा महिने गेले. तीन लाख तीस हजारांवर वार्षिक १२ टक्क्यांनी दहा महिन्यांचे व्याज ३३ हजार होते. त्यावर दहा आठवड्यांच्या विलंबापोटी दर आठवड्याला अर्धा टक्का या दराने दंड लागला, तर तो आणखी ३० हजार. एकूण ६३ हजार. म्हणजे नफा संपून खिशातले तीन हजार गेले, आणि तेही काम चोख करून.

लघुउद्योजकांच्या संरक्षणासाठी कायदे नाहीत असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. असे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदार कंपनीला त्या वर्षी तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही, अशी तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आली. सरकारी खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करण्याचे बंधन आहे. अनामत रकमेतूनही त्यांना सूट मिळते.

तथापि यात एक पळवाट राहून जाते. ४५ दिवसांचे घड्याळ माल पोचल्यानंतर सुरू होते. संरक्षण खरेदीत बऱ्याचदा माल पाठवण्यापूर्वीच कारखान्यात तपासणी होते आणि तपासणीच्या प्रतीक्षेतील आठवडे या मुदतीत मोजले जात नाहीत. शिवाय कायद्याने मिळालेला व्याजाचा हक्क बजावायचा म्हणजे आपल्या एकमेव गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायची. पुढच्या ऑर्डरची आशा असलेला उद्योजक ते सहसा करत नाही.

आयुध निर्माण्यांचे नवे रूप

या परिसरात आणखी एक बदल झाला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. यांपैकी दहा निर्माण्या महाराष्ट्रात आहेत. अंबरनाथची आयुध निर्माणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या यंत्र इंडिया लिमिटेडकडे आणि तिच्या शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी चेन्नईजवळील आवडी येथील आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. पूर्वी सैन्यदलांची मागणी थेट मंडळाकडे येत असे. आता या कंपन्यांनाही काम मिळवावे लागते, ताळेबंद सांभाळावा लागतो. साहजिकच त्यांच्या पुरवठादारांवरही दर, मुदत आणि गुणवत्ता यांचा दबाव वाढतो.

नियमांतील स्वागतार्ह बदल

१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेने काही जुन्या तक्रारींची दखल घेतली आहे. स्वदेशीकरणासाठी विकसित होणाऱ्या वस्तूंवर विकासाच्या टप्प्यात विलंब दंड लागणार नाही आणि नमुना तयार झाल्यानंतर तो आठवड्याला अर्ध्याऐवजी ०.१ टक्का असेल. अशा वस्तूंसाठी पाच वर्षांपर्यंत ठरावीक संख्येच्या ऑर्डरची हमी देण्याची सोय केली आहे. ही दुसरी तरतूद अधिक मोलाची आहे. पाच वर्षांचे काम दिसत असेल तर उद्योजक यंत्र घेतो, कामगाराला शिकवतो आणि बँक कर्ज देते. मात्र नियम पुस्तिकेत असणे आणि तो प्रत्येक खरेदी कार्यालयात वापरला जाणे, यांत अंतर असते.

सही करण्यापूर्वी

संरक्षण क्षेत्रात प्रथमच उतरणाऱ्या लघुउद्योजकाने कंत्राटातील पुढील कलमे बारकाईने वाचावीत.

ड्रॉइंग : ऑर्डरसोबत आलेल्या ड्रॉइंगचा सुधारणा क्रमांक करारात नोंदवलेला आहे का, आणि नंतर बदल झाल्यास मुदत व किंमत बदलेल का, हे आधी लेखी ठरवावे.

मुदत : मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजायची की पहिला नमुना मंजूर झाल्यापासून, हे पाहावे. मुदतवाढ हवी असेल तर मूळ मुदत संपण्यापूर्वी आणि विलंबाचे कारण खरेदीदाराकडचे असल्यास तसे नमूद करून अर्ज करावा. वाढीव मुदतीत दर वाढवून न देण्याचे कलम बहुधा असतेच.

जादा मागणी : त्याच दराने जादा माल मागण्याचा पर्याय खरेदीदार अनेकदा राखून ठेवतो. धातूचे भाव वाढले असता हे कलम अंगाशी येऊ शकते. दरबदलाची तरतूद सहसा १८ महिन्यांहून अधिक मुदतीच्या कंत्राटांतच मिळते.

तपासणी : तपासणीसाठी माल तयार असल्याचे पत्र दिल्यानंतर किती दिवसांत अधिकारी येतील, हे करारात नसल्यास विचारावे. त्या पत्राची पोच जपून ठेवावी. पुढे विलंब कोणाचा, या वादात तोच पुरावा ठरतो.

कंत्राटात जोखीम असणारच. पाणबुडी किंवा विमान बनवणे हे मुळातच जोखमीचे काम आहे. प्रश्न एवढाच की ज्याच्या हाती विलंब टाळण्याचे अधिकार आहेत, त्याच्याकडे ती जोखीम राहावी. ड्रॉइंग बदलणाऱ्याचा आणि तपासणी लांबवणाऱ्याचा भुर्दंड लेथ चालवणाऱ्याने भरायचा असेल, तर एक दिवस तो लेथ दुसऱ्या कामाला लागेल. माझगावच्या वेल्डरांनी हे एकदा दाखवून दिले आहे. त्यांच्यानंतर मुंबईत पुढची पाणबुडी तयार व्हायला २३ वर्षे लागली.